जोडा या शब्दाविषयी

पायात घालायच्या वस्तूला मराठीत नावांची वाण नाही. वहाण, पायताण, पायपोस, खेटर, चप्पल, बूट आणि अलीकडे शूज. यांतील वहाण संस्कृत ‘उपानह्’वरून आली, पायपोस फारसीतून आला, आणि पायताण व पायपोस या दोन्ही शब्दांत पाय उघडच दिसतो. जोडा या शब्दात मात्र पाय नाही, कातडे नाही आणि चालणेही नाही. त्यात फक्त ‘दोन’ आहेत. एकाच घडणीच्या, एकमेकांवाचून निरुपयोगी अशा दोन वस्तू, एवढेच तो सांगतो आणि बाकीचे ऐकणाऱ्यावर सोपवतो. या शब्दाविषयी मला फार जिव्हाळा वाटतो, तो याच कारणाने.

मोल्सवर्थच्या १८५७ सालच्या मराठी-इंग्रजी कोशात या शब्दाखाली जोडी आणि पादत्राण असे दोन्ही अर्थ आहेत, म्हणजे हे दुहेरी नाते निदान दीडशे वर्षांहून जुने आहे. शिवाय ते एकट्या मराठीचे नाही. गुजरातीत जोडा म्हणजे पादत्राण, आणि कन्नड व तेलुगूत ‘जोडु’ या शब्दाला जोडी आणि पादत्राण हे दोन्ही अर्थ आहेत. हिंदीतही ‘जोड़ा’ नवराबायको आणि लग्नाचा पोशाख यांच्यापाशीच थांबला नाही, कोशांत त्याला पादत्राणांचा अर्थही दिलेला आहे.

जोडीच्या अर्थाने हा शब्द आणि त्याची भावंडे मराठी जगण्यात किती ठिकाणी शिरली आहेत, हे पाहण्यासारखे आहे. तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारा एकाच षड्जात लावतात आणि त्यांना जोडीच्या तारा म्हणतात. कुस्तीच्या मैदानात मल्लांची जोड ठरते, आणि ती बरोबरीची नसेल तर प्रेक्षकांचा हिरमोड होतो. लग्न झालेल्या स्त्रीच्या पायाच्या बोटांत जोडवी येतात. वधूवर एकमेकांना शोभत असतील तर ‘लक्ष्मीनारायणाचा जोडा’ म्हणून कौतुक होते, आणि शोभत नसतील तर ‘विजोड’ या तीन अक्षरांत गावाचा निकाल लागतो. नवविवाहितांना ‘जोड्याने नमस्कार करा’ असे सांगणारी वडीलधारी माणसे अजूनही भेटतात, आणि त्या वेळी ‘जोड्याने मारीन’ हा दुसरा प्रयोग कोणाच्या मनातही येत नाही. शब्द तोच आणि विभक्तीही तीच, पण एकीकडे आशीर्वाद आहे आणि दुसरीकडे मराठी माणसाला सहन न होणारा अपमान.

हे दोन अर्थ एका ठिकाणी मात्र समोरासमोर येतात, आणि ते ठिकाण म्हणजे ‘शालजोडीतला’. शालजोडी हे मानाचे वस्त्र. विद्वानाचा, कलावंताचा, व्याह्यांचा सत्कार शालजोडी देऊन करीत. त्या शालजोडीत गुंडाळून जोडा मारायचा, म्हणजे वरून गौरवाचा मऊपणा आणि आतून चामड्याचा फटका. बोलणाऱ्याने आवाज चढवायचा नाही, शब्द सभ्य ठेवायचे, आणि ज्याला लागायला हवे त्यालाच लागावे अशी नेमकी वाक्यरचना करायची. ‘शालजोडीतला दिला’ किंवा ‘शालजोडीतले मारले’ असे म्हणताना आपण ‘जोडा’ हा शब्द बहुधा गाळतोच. तो उच्चारावा लागत नाही, कारण शालजोडीच्या नावातच त्याची चाहूल असते. टोमणा, टोला, चिमटा हे सगळे शब्द मराठीत असताना या प्रयोगाची जागा दुसरा कोणताही घेऊ शकत नाही, असे माझे ठाम मत आहे.

अपमानाच्या बाजूकडे पाहताना मात्र कौतुकाने थांबता येत नाही. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण स्त्रियांना, गड्यामाणसांना आणि खालच्या मानलेल्या जातींना त्यांची जागा दाखवण्यासाठी पिढ्यानपिढ्या वापरली गेली. ज्या गावगाड्यात दलितांना सवर्णांच्या घरांपुढून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत, तिथे ती नुसती म्हण नव्हती, रोजचा नियम होता. वस्तू पायाची आणि कातड्याची, म्हणून ती घडवणारा हलका, आणि ती ज्याच्यावर उगारली जाईल तोही हलका, या समजुतीवर ‘जोडे मारणे’ उभे आहे. आजच्या राजकारणातील ‘जोडे मारो’ आंदोलनालाही, ते कोणत्याही पक्षाचे असो, हीच जुनी समजूत बळ पुरवते. आंदोलन करणाऱ्यांनी याचा विचार करावा, असे मला मनापासून वाटते.

याच कातड्याचा अर्थ एका वाक्प्रयोगात पूर्ण उलटतो. ‘माझ्या कातड्याचे जोडे करून त्यांच्या पायात घातले तरी उपकार फिटणार नाहीत’ असे माणूस आईवडिलांविषयी किंवा गुरूंविषयी म्हणतो, तेव्हा जोडा हीच कृतज्ञतेची सर्वांत मोठी भेट ठरते. पादुकांना पालखीत बसवून आळंदी-देहूहून पंढरपूरला नेणाऱ्या प्रदेशात हे बोलणे अतिशयोक्तीचे वाटत नाही.

आता राहिला व्याकरणाचा प्रश्न, आणि तो मला सर्वांत विलक्षण वाटतो. जोडा म्हणजे दोन. पण ‘एक जोडा सापडला, दुसरा कुठे गेला?’ असे आपण सहज विचारतो, म्हणजे दोघांचे नाव एकट्याला मिळाले आणि दोघांसाठी ‘जोडे’ हे अनेकवचन करावे लागले. चपलेचा प्रवास नेमका उलटा आहे: ‘माझी चप्पल चोरीला गेली’ या एकवचनात दोन्ही पायांची चप्पल येते. बोलीतला जोडा आता मागे पडतो आहे. दुकानांच्या पाट्यांवर फुटवेअर आले आणि घरात शूज आले. परंतु इंग्रजीत अनेकवचनी असलेल्या त्या शूजलाही मराठीने ‘माझा एक शूज सापडत नाही’ असे म्हणत जोड्याच्याच वाटेने नेले आहे.