लिंबूटिंबू

परवा दुपारी भाचा माझ्या पायाशी लोळत 'फायनल फँटसी सेव्हन' हा व्हिडिओ गेम खेळत होता. नवा चकचकीत नव्हे, जुना, १९९७चा, ज्यात माणसांच्या हातांना बोटंच नाहीत, नुसते ठोकळे. हल्ली हा खेळ तिप्पट वेगाने पळवायची सोय झाली आहे आणि ती त्याने लावून ठेवली होती. त्यामुळे जग वाचवायला निघालेली ती गंभीर मंडळी मुंग्यांसारखी तुरुतुरु धावत होती. मध्येच थांबून त्याने गट बदलायला घेतला. जागा तीन, त्यातली एक नायकाची, क्लाउडची ठरलेली, राहिल्या दोन. एका चेहऱ्यावर कर्सर क्षणभर रेंगाळला आणि पुढे सरकला.

"मावशी, या मांजराला कोणी घेतं का गं?"

मी "मी घ्यायचे" म्हणाले. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आमटीत साखरेऐवजी साबण घालते असं कबूल केलं होतं.

मांजराचं नाव केट सिथ. लिहितात तसं, उच्चार म्हणे 'केट शी' असा आहे, कारण मूळ शब्द स्कॉटिश-आयरिश लोककथांमधल्या परीमांजराचा. आम्ही त्याला मांजरच म्हणायचो. डोक्यावर छोटा मुकुट, पाठीवर लाल झगा, हातात मेगाफोन, आणि बसायला एक भलंमोठं, गुबगुबीत, कापूस भरलेलं बाहुलं. गोल्ड सॉसर नावाच्या जत्रेत ते भविष्य सांगत उभं असतं. कोणी बोलावलेलं नसताना गटात घुसतं. खेळणाऱ्यांच्या आवडीनिवडीत ते तळाला असतं हे मला माहीत आहे. गटातल्या बाकीच्यांचं बघा, टिफासाठी भांडणारे आहेत, शवपेटीत झोपलेल्या व्हिन्सेंटवर जीव टाकणारे आहेत. युफी तर आपला मटेरिया, म्हणजे जादूचे गोळे, चोरून पळून जाते, तरी तिचं कौतुक. मांजर मात्र बिचारं विमानात बसून राहतं.

मला ते मिळालं वाट्याला आलं म्हणून.

खेळ एकट्याने खेळायचा, पण घरात आम्ही दोघं. दादा मोठा, कंट्रोलर त्याचा. मी शेजारी बसून वहीत आकडे लिहून घ्यायचे: तिजोरीचं कुलूप, उजवीकडे ३६, डावीकडे १०, उजवीकडे ५९, आणि चौथा आकडा चिठ्ठीत दडवलेला, तो ९७. हे काम महत्त्वाचं आहे असं दादा सांगायचा. मुलांच्या खेळात ज्याच्यावर राज्य येत नाही, जो बाद झाला तरी मोजत नाहीत, त्या लिंबूटिंबूलाही असंच काहीतरी सांगतात. मी भोकाड पसरलं तेव्हा आई आतून ओरडली आणि दादाने तह केला. "मांजर तुझं." म्हणजे लढाईत मांजराची पाळी आली, त्याची पट्टी भरली, की कंट्रोलर माझ्या हातात. पट्ट्या थांबत नाहीत, शत्रूही थांबत नाही, त्यामुळे ही देवाणघेवाण म्हणजे पेटता निखारा या हातातून त्या हातात देण्यासारखी होती. मी बटण दाबलं, मांजराने मेगाफोन फुंकला, की दादा कंट्रोलर हिसकून घ्यायचा. चार सेकंदांचं राज्य. पण होतं.

त्याची लिमिट, म्हणजे खास हल्ला, म्हणजे फासे. बाकीचे वीर हवेत उडतात, तलवारीने आकाश चिरतात, आणि हे दोन फासे टाकतं. बेरीज पाच आली तर शत्रूला पाचशेचा मार. तीन आली तर तीनशे, आणि दादाचा उसासा. पुढे पातळी वाढली की फासेही वाढतात. हे 'कमजोर' पात्र आहे असं लोक म्हणतात, पण या खेळात खरी ताकद मटेरियात असते आणि तो कोणाच्याही शस्त्रात बसवता येतो. विजेचा गोळा क्लाउडने टाकला काय आणि मांजराने टाकला काय. तेव्हा कमजोर वगैरे सोडा, ते दिसायला हास्यास्पद आहे आणि आपल्याला हास्यास्पद माणसांबरोबर फिरायची लाज वाटते, एवढंच.

(सिडचं मला कधीच पटलं नाही, हेही इथेच सांगून टाकते. शिव्या देणारा, भाला फिरवणारा वैमानिक, सगळ्यांचा लाडका. त्याचं रॉकेट उडालं नाही कारण त्याची मदतनीस शेरा आत बसून ऑक्सिजनच्या टाक्या तपासत होती, आणि त्याबद्दल तो तिला वर्षानुवर्षं घालूनपाडून बोलतो. शेवटी फुटते ती आठ नंबरचीच टाकी. ती बरोबर होती हे तेव्हा त्याला कळतं. शेराला गटात घ्यायची सोय असती तर मी मांजरालासुद्धा दगा दिला असता.)

दगा. मांजराने तो दिलाच होता. ते शत्रूचं, शिन्रा कंपनीचं हेर निघतं, किल्ली चोरतं, गटातल्या बॅरेटच्या लहानग्या मार्लीनला ओलीस धरल्याचं फोनवर ऐकवतं. दादा म्हणाला, "बघ, तुझं मांजर." मी दोन दिवस त्याच्या पाळीला कंट्रोलर घेतला नाही. मग प्राचीनांच्या मंदिरात असा पेच येतो की जो कोणी आतलं कोडं सोडवेल तो मंदिराबरोबर चिरडला जाईल. मांजर फोन करून म्हणतं, मी जातो. जाताना क्लाउड आणि गटातल्या एरिथची पत्रिका बघतं आणि दोघांचं उत्तम जमेल असं सांगतं. थोड्याच वेळात एरिथ मारली जाते हे सगळ्यांना माहीत आहे. ते गुपित फुटून पिढी उलटली. म्हणजे जत्रेत याच मांजराने 'हवं ते मिळेल, पण लाडकं काहीतरी गमवाल' असं सांगितलं होतं ते खरं ठरलं, आणि मरताना प्रेमाने सांगितलं ते खोटं. मी रडले. माझे डोळे पुसून व्हायच्या आत तसंच दुसरं मांजर उड्या मारत हजर झालं. दादा हसून हसून लोळला.

त्या पहिल्याचं नाव पुढे खेळात फारसं कोणी काढत नाही.

दुसऱ्याचा शेवट आमच्या घरी वेगळाच झाला. मांजराला नंतर दुसरी लिमिट येते, तीन चाकांची, जुगाराच्या यंत्रासारखी. तिन्ही चाकांवर मांजर आलं तर समोरचा शत्रू जागच्या जागी खलास. मला त्याचं वेड लागलं. एके दिवशी पहिलं चाक, मांजर. दुसरं, मांजर. मी उभीच राहिले. तिसऱ्यावर 'बार'. त्याचा अर्थ मला माहीत नव्हता. त्याचा अर्थ आपलेच तिघं मरतात. दादाने तासाभरात सेव्ह केलेलं नव्हतं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने शांतपणे यंत्र बंद केलं, वायर गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी टिफाला गटात घेतलं. मी पुन्हा वहीवर.

हे सगळं भाच्याला सांगत बसले नाही. शिवाय २०२४च्या नव्या अवतारात मांजराला एका हवेलीत पेट्या फेकत फिरावं लागतं आणि त्या पेट्यांनी त्याची होती नव्हती ती अब्रूही गेली आहे. भाचा तेही खेळलेला. कोणत्या तोंडाने बाजू घ्यायची?

मोठं झाल्यावर मला त्या मांजरापेक्षा ते दुरून चालवणारा माणूस जास्त दिसायला लागला. रीव्ह. कंपनीच्या नगरविकास विभागाचा प्रमुख, नीटनेटका सूट, मिडगारसारखं अख्खं शहर ज्याच्या विभागाकडे. सातव्या विभागावरचं छत पाडून खालची वस्ती चिरडायची असं बैठकीत ठरतं तेव्हा तो 'पण' म्हणतो. अध्यक्ष म्हणतात, तू दमला आहेस, दोन दिवस सुट्टी घे. संपलं. छत पडतं. अशा बैठकांना मी बसले आहे. अर्थात तिथे कोणाच्या डोक्यावर काही पडत नाही, पण ते 'पण' आणि त्यानंतरची ती शांतता माझ्या ओळखीची आहे. घरी येऊन मीही बाहुलं चालवलं असतं.

आणि तो लॉकर. शिन्राच्या इमारतीत ६४व्या मजल्यावर, खेळाच्या अगदी सुरुवातीला, मांजर भेटायच्या कितीतरी आधी, एका लॉकरमध्ये मेगाफोन पडलेला दिसतो. उचलता येत नाही. दादा पुढे गेला. मी वहीत लिहून ठेवलं: 'लॉकर, भोंगा.' दुसऱ्या डिस्कवर त्या इमारतीत परत जायला मिळतं, तेव्हाच तो हाती लागतो, आणि मांजराचं सगळ्यात जबरदस्त शस्त्र तेच. इतके दिवस मालकाच्या लॉकरमध्ये होतं. त्या वेळी गटात टिफा होती, त्यामुळे आमचा भोंगा कधी वाजला नाही.

भाच्याचा खेळ एव्हाना विमानावर पोचला होता. सगळे गोल करून उभे, मध्ये मांजर. मला प्रसंग आठवला आणि मी पुढे सरकले. इथे ते बॅरेटला विचारतं, तू पहिली अणुभट्टीसारखी ती माको भट्टी उडवलीस तेव्हा किती माणसं मेली? बॅरेट म्हणतो, ग्रह वाचवायचा तर थोडेफार जाणारच. आणि मांजर चिडतं. थोडेफार म्हणजे काय? तुम्हाला थोडेफार, जे गेले त्यांचं तर सगळंच गेलं. खेळाच्या अगदी सुरुवातीला ती भट्टी आपणच उडवलेली असते, टाळ्या वाजवत, मी आणि दादाने सुद्धा. त्यानंतरच्या इतक्या तासांत तिथली माणसं मोजायला सांगणारं हे पहिलंच. कापसाच्या बाहुल्यावर बसलेलं, हेर, चोर.

भाच्याचा अंगठा बटणावर टकटक करत होता. संवाद उघडले आणि मिटले, उघडले आणि मिटले.

"अरे थांब, मांजर काय म्हणालं?"

"काहीतरी भांडत होते."

"मागे घे ना जरा."

"मावशी, यात मागे जाता येत नाही."