पपईची शाल

थंडी वाढली की माझी झोप उडते, स्वतःसाठी नाही, कुंड्यांसाठी. आंबा, पेरू, चिकू आणि पपई, सगळी उन्हात लाडावलेली मंडळी, पारा १० अंशांच्या खाली उतरला की रुसूनच बसतात, वाढ ठप्प, आणि शून्याजवळ गेला की पपई तर पार मान टाकते.

पहिल्या वर्षी मी पपईच्या खोडाला जुनी शाल गुंडाळली, गळ्याला मफलर बांधावा तशी, वरून प्लास्टिक टाकलं आणि खुशाल झोपले. सकाळी बघते तर जिथे प्लास्टिक टेकलं होतं तिथली पानं उकडल्यासारखी, काळपट नि लिबलिबीत. मग डोक्यात प्रकाश पडला की झाडाला आपल्यासारखी अंगाची ऊब नसतेच, तर शाल अडवणार काय, कप्पाळ? ऊब असते दिवसभर तापलेल्या मातीत नि फरशीत, आणि रात्री आकाश निरभ्र असलं की ती सरळ वर निघून जाते, म्हणूनच ढगाळ रात्र मला हल्ली फार आवडते. आता चार काठ्या रोवून वर जुनी चादर, पार जमिनीला टेकेपर्यंत, आणि सकाळी ऊन आलं की आठवणीने काढायची.

पण खरी काळजी मुळांची. जमिनीतल्या झाडाला भोवती केवढी माती असते, कुंडीला मात्र चहूबाजूंनी वारा. म्हणून सगळ्या कुंड्या उन्हाने तापणाऱ्या भिंतीला चिकटवून, एकमेकींना खेटून, खाली थर्माकोल (ढकलताना कंबर गेली ते वेगळंच). पाणी मात्र हात राखून, कारण गारठ्यात झाड फारसं पाणी पितच नाही नि ओल्या मातीत मुळं कुजतात. खतही बंद, उगाच कोवळी पालवी फुटायची नि तीच आधी करपायची.

यंदा एवढं करूनही पेरूची पानं झडली, नुसत्या काटक्या उरल्या. घरचे म्हणाले, टाक उपटून. मी कात्री घेऊन गेलेही, पण आधी नखाने साल जराशी खरवडली. टोकाला तपकिरी, कोरडं. चार बोटं खाली परत खरवडलं तर आत हिरवं, ओलसर. कात्री तशीच खिशात घालून आले.