ऊन लागायच्या आत

एप्रिलातल्या दुपारी नाशिकमधल्या घराच्या माळ्यावर हात घातला की तिथली हवासुद्धा पोळते. अशा माळ्यावर जुन्या गाद्या राहतात, आकाशकंदील राहतात. स्कीच्या स्किन्स राहत नाहीत. स्किन म्हणजे स्कीच्या तळाला चिकटवायची, तळाएवढीच लांब पट्टी. एका अंगाला गोंद, दुसऱ्या अंगाला नायलॉनची किंवा मोहेरची (बोकडाच्या मऊ केसांची) लव, मागच्या बाजूला कललेली. मांजराच्या पाठीवर हात शेपटीकडे फिरवला तर सरकतो, उलटा फिरवला तर अडतो, तसं. एवढ्या बळावर माणूस लिफ्टशिवाय बर्फाचा डोंगर चढतो.

गोंदाला उन्हाळा सोसत नाही. गोंदावर गोंद ठेवून घडी घातलेली स्किन चाळीस अंशांत महिनाभर पडून राहिली की दोन्ही पदर एकजीव होतात. ओढून सोडवावी तर गोंदाच्या तारा निघतात, आणि पुढे तोच गोंद स्कीच्या तळाला लागून राहतो. म्हणून घडीत जाळीचं कापड घालायचं, हवाबंद पिशवीत भरायचं आणि सरळ फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवून द्यायचं. कोथिंबिरीशेजारी हे काय ठेवलंय, यावर घरात बोलणं होतंच. होऊ द्यावं.

एप्रिलात कसला बर्फ, असंही कुणीतरी विचारतं. गुलमर्गची गर्दी तोवर ओसरलेली असते, हे खरं. पण साडेतीन हजार मीटरच्या वर हिवाळ्याचं शेपूट अजून वळवळत असतं. हिमाचलातली रोहतांग खिंड ३,९७८ मीटरवर आहे. पलीकडे लाहौलात उतरायला २०२० पासून नऊ किलोमीटरचा अटल बोगदाही झाला. एखादा पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणारी पावसा-बर्फाची प्रणाली, आला की या उंचीवर रात्रीत वीत-दीड वीत बर्फ पडतो. खालचा जुना बर्फ गोठून टणक, वरचा भुसभुशीत. हीच ती पावडर. जानेवारीतली आठवडाभर टिकते, एप्रिलातली न्याहारीपर्यंत. पूर्वेकडचे उतार सकाळी आठलाच जड होतात, दक्षिणेकडचे दहापर्यंत ओलेगच्च, उत्तरेचे तेवढे दुपारपर्यंत तग धरतात. त्यामुळे पहाटे तीन-चारला डोक्यावर दिवा बांधून निघण्याला पर्याय नाही. उशिरा उठणाऱ्या मित्राला घेऊन जाऊ नये. तो माणूस चांगला असतो, पण त्याचा बर्फ दुसऱ्या कुणाला तरी मिळतो.

चढताना छळतात ते गोळे. उन्हातल्या ओल्या बर्फावरून स्किन सावलीतल्या कोरड्या, थंड बर्फात शिरली की लवेतलं पाणी गोठतं, त्याला बर्फ चिकटत जातो आणि दोन्ही पायांना किलो-किलोचं ओझं लागतं. यावर स्किनचं मेण आहे. ते कोरड्या लवेवर पहाटेच घासायचं, भिजल्यावर नाही. गोळा धरलाच तर पोलच्या, म्हणजे हातातल्या काठीच्या, दांड्याने खरवडावा आणि स्की उचलत न बसता सरकवत राहावी. नाकाच्या आणि हनुवटीच्या खालच्या बाजूलाही सनस्क्रीन लावावं. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांच्या आसपास ऊन परत फेकतो, तेव्हा भाजायचं ते खालूनही भाजतं.

माथ्यावरची कामं वाऱ्यात, बधिर बोटांनी करायची असतात, म्हणून त्यांचा क्रम पाठ हवा. एका वेळी एकच स्की काढायची आणि ती उताराला आडवी खोचायची, नाहीतर ती एकटीच खाली जाते. स्किन सोलून घडी करून जॅकेटच्या आत, पोटाशी. नाशिकला थंडावा मागणारी ही पट्टी इथे ऊब मागते. गारठलेला गोंद दुसऱ्या चढाला चिकटत नाही, आणि त्यावर बर्फ बसला तर मुळीच नाही. मग बुटाचं चालण्याचं कुलूप फिरवायचं, बकल आवळायचे. बुटाच्या टोकाशी, स्कीवर बूट धरणाऱ्या पकडीच्या पिनांसाठी भोकं असतात, त्यातला बर्फ टोकरून काढायचा. तो राहिला तर पिना पुऱ्या बसत नाहीत आणि भलत्या वळणावर बूट सुटतो. या पकडीचा पुढचा खटका चढताना पूर्ण ओढून ठेवलेला असतो. उतरताना तो सैल केलाच पाहिजे, नाहीतर पडल्यावर स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो.

हिमस्खलनाचं बोलणं मात्र माथ्यावर नव्हे, आदल्या रात्रीच व्हावं. प्रत्येकाकडे बीकन (गाडला गेलेला माणूस शोधायचं रेडिओ-यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी) आणि फावडं. तिघांतलं एक नसेल तर बाकीची दोन शोभेची. बीकन ४५७ किलोहर्ट्‌झवर चालतो. मोबाइल त्यापासून निदान वीस सेंटिमीटर लांब ठेवायचा, कुणाला शोधताना पन्नास. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार धोक्याचे, आणि नेमके तेच मजेचे. खडकाखालून बर्फाचे गोळे आपोआप गडगडू लागले, पाय पोटरीपर्यंत ओल्यात रुतू लागला, की वेळ संपली. अशा वेळी "शेवटचा एक राउंड" म्हणणारा एक तरी मित्र असतोच. परतीची वेळ रात्री ठरलेली असेल तर त्याच्याशी वाद घालावा लागत नाही.

तयारीला इथे पांडवलेणीच्या पायऱ्या आहेत, अंजनेरी आहे. पाठीवर वजन घेऊन उतरण्याचा सराव मांड्यांना उपयोगी पडतो. विरळ हवेची सवय मात्र कळसूबाईच्या १,६४६ मीटरवरही होत नाही. त्यासाठी वर जाऊन दोन-तीन दिवस नुसतं हळू चालावं, झोपावं.

राहता राहिलं हवामान. उपग्रहाच्या चित्रात पश्चिमी विक्षोभ सरकताना दिसला की आमच्या स्कीवाल्यांच्या ग्रुपवर आनंदीआनंद होतो. पण असा विक्षोभ दक्षिणेकडे रेलला आणि त्याला समुद्राकडची दमट हवा भेटली, की कधी कधी इथे अवकाळी होते, गाराही पडतात. मार्च-एप्रिलात निफाड-दिंडोरीकडे उशिराची द्राक्षं वेलीवर असतात आणि काढलेला उन्हाळ कांदा शेतात उघडा असतो. याच ग्रुपात कुणाच्या घरी बाग असते, कुणाच्या मामाचा कांदा पडलेला असतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट इथे कुणी विसरलेलं नाही. त्यामुळे ढग इकडे वळले की वर किती सेंटिमीटर बर्फ पडेल हा प्रश्न बाजूला राहतो. ताडपत्र्या कमी असतात, हातही कमी असतात, आणि स्कीवाले निदान पहाटे उठायला तरी तयार असतात.