बारा तालुके, बारा महिने : यंदाच्या वाचनयादीचा ऑगस्टअखेरचा हिशेब

वाचनमित्रहो, गेली काही वर्षे आपल्यापैकी बहुतेकांच्या वार्षिक याद्या पुस्तकांच्या संख्येवर उभ्या होत्या. कुणी पन्नासाचा संकल्प सोडीत असे, कुणी शंभराचा, आणि दिवाळी उलटली की पातळ पुस्तकांना एकाएकी मागणी येत असे. चारशे पानांची कादंबरी आणि साठ पानांचा कवितासंग्रह यांना वहीत सारखीच एक ओळ मिळत असेल, तर वाचणारा नकळत साठ पानांकडे वळतो. त्यात कवितेचा मान राखला जातो असेही नाही, कारण कविता अशी उरकून टाकण्यासाठी लिहिलेली नसते. म्हणून यंदा मी संख्या बाजूला ठेवली आणि यादीला भूगोल लावला. कोल्हापूर जिल्ह्यात तालुके बारा आणि वर्षात महिनेही बारा. तेव्हा दर महिन्याला एक तालुका आणि त्या तालुक्याशी नाते सांगणारे किमान एक पुस्तक, असा बेत जानेवारीत ठरवला.

नियम फार कडक ठेवले नाहीत. लेखक त्या तालुक्यात जन्मलेला असावा, तिथे राहिलेला असावा किंवा पुस्तकाचा तिथल्या एखाद्या ठिकाणाशी संबंध असावा. तिन्हींपैकी एक गोष्ट जुळली की पुरे. पूर्वी वाचलेले पुस्तक चालते, मात्र ते पुन्हा पहिल्या पानापासून वाचायचे. याखेरीज जे काही वाचले जाईल ते वहीच्या मागच्या बाजूला ‘अवांतर’ म्हणून टिपायचे. पुस्तके शक्यतो वाचनालयातून आणायची हाही एक नियम आहे, आणि आपल्या शहरात तो पाळणे कठीण नाही. करवीर नगर वाचन मंदिर 1850 सालापासून सुरू आहे. एवढ्या जुन्या संस्थेच्या कपाटांत जिल्ह्यातल्या लेखकांच्या जुन्या आवृत्त्या हाताळायला मिळाव्यात, यात नवल नाही. ज्यांना विद्यापीठातील बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात बसून वाचण्याची मुभा आहे, त्यांचे काम आणखी सोपे होईल.

जानेवारी कागलचा होता, आणि कागल म्हटल्यावर आनंद यादव यांच्या ‘झोंबी’ला पर्याय नव्हता. 1987 साली आलेली ही आत्मचरित्रात्मक कादंबरी, जिला 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आपल्यापैकी अनेकांनी शाळा-कॉलेजच्या वयात वाचली असेल. त्या वयात वाचताना शिकू पाहणारा मुलगा आणि त्याला मळ्यात जुंपणारा बाप असा सरळ सामना दिसतो, आणि सगळी सहानुभूती मुलाच्या पदरात पडते. या खेपेस मी वाचनाची दिशा थोडी बदलली. पाण्याच्या पाळ्या, मोटेवरची माणसे, घरात खाणारी तोंडे आणि राबणारे हात यांचा हिशेब मी पेन्सिलीने वहीत मांडीत गेलो, आणि मुलाचे दोन हात शाळेत गेले तर मळ्यात काय अडते हे त्यातून स्पष्ट होत गेले. बापाचा राग तेवढ्याने क्षम्य ठरत नाही, पण तो कुठून येतो ते कळते. यादव यांनी बापाची बाजू वकिलासारखी मांडलेली नाही आणि दडपलेलीही नाही. त्यांनी कामांची वर्णने इतकी नेमकी केली आहेत की ती बाजू आपोआप उभी राहते. ‘नांगरणी’, ‘घरभिंती’ आणि ‘काचवेल’ हे पुढचे तीन भाग एका महिन्यात बसणारे नव्हते. त्यांपैकी ‘नांगरणी’ अवांतरात वाचून झाली आहे आणि बाकीचे दोन पुढच्या वर्षाच्या यादीत आत्ताच नोंदवून ठेवले आहेत.

फेब्रुवारीत हातकणंगले, म्हणजे पट्टणकोडोलीचे शंकर पाटील. त्यांच्या विनोदी कथा सर्वांच्या ओळखीच्या असल्याने मी मुद्दाम ‘टारफुला’ घेतली. दरारा असलेला पाटील गेल्यावर गावात सत्तेसाठी जी ओढाताण सुरू होते, तिची ही 1964 ची कादंबरी निवडणुकीच्या बातम्यांसोबत वाचण्यासारखी आहे. कथाकथनामुळे पाटलांची जी हसवणारे लेखक म्हणून ख्याती झाली, तिने या कादंबरीवर थोडा अन्यायच केला, असे माझे मत झाले आहे.

मार्चमधील शिरोळची निवड काहींना विचित्र वाटेल. नृसिंहवाडी याच तालुक्यात, म्हणून मी ‘गुरुचरित्र’ वाचले. पारायण म्हणून सात दिवसांत मात्र नव्हे, तर एक जुना मराठी ग्रंथ म्हणून, रोज दोन-दोन अध्याय. घरातील ज्येष्ठांना ही पद्धत फारशी रुचली नाही आणि त्यांचे म्हणणे मी मान खाली घालून ऐकून घेतले. अठराव्या अध्यायात अमरापूरचे, म्हणजे वाडीच्या परिसराचे, माहात्म्य येते आणि त्यातच घेवड्याच्या वेलाची कथा आहे : गरीब ब्राह्मणाच्या दारातला, त्याची उपजीविका चालवणारा वेल गुरू उपटून टाकतात आणि त्याच्या मुळाशी धनाचा कुंभ सापडतो. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा, परंतु भिक्षा मिळाली नाही त्या दिवशी घेवड्याच्या शेंगांवर गुजराण करणाऱ्या घराचे ते चित्र वाङ्मय म्हणूनही मोलाचे आहे. ओव्या मोठ्याने वाचल्या तर अडखळायला होत नाही, एवढी सूचना पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी करून ठेवतो.

एप्रिलमध्ये गडहिंग्लजसाठी राजन गवस यांची ‘तणकट’ वाचली. 2001 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही कादंबरी गावातील जात आणि राजकारण यांच्याकडे कोणताही आडपडदा न ठेवता पाहते. मध्यंतरी मी ती दोनदा खाली ठेवली, कारण ती सलग वाचवत नाही, आणि तसे होणे हा तिचा दोष मानायला मी तयार नाही.

सुट्टीचा महिना जाडजूड पुस्तकासाठी राखून ठेवला होता, त्यामुळे मे आजऱ्याच्या वाट्याला आला. शिवाजी सावंत आजऱ्याचे, आणि कोल्हापुरात शिक्षकी करीत असताना त्यांनी लिहिलेली ‘मृत्युंजय’ 1967 साली प्रसिद्ध झाली. तिच्याविषयी नव्याने सांगण्यासारखे काही उरले आहे असे मला वाटत नव्हते. परंतु या खेपेस मी तिच्या रचनेकडे लक्ष ठेवून वाचले. नऊ भाग आणि सहा निवेदक : कर्ण स्वतः चार वेळा बोलतो आणि कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली व अखेरीस कृष्ण प्रत्येकी एकदा. आता त्याआधीची, 1959 सालची ‘ययाति’ आठवून पाहा. तिथे वि. स. खांडेकरांनी ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांच्या तोंडून कथा सांगितली आहे. महाभारतातले एक पात्र घ्यायचे, त्याला ‘मी’ म्हणायला लावायचे आणि मग त्याच घटनेकडे दुसऱ्या ‘मी’ला पाहायला लावायचे, ही रीत एकाच शहरात आठ वर्षांच्या अंतराने दोन अत्यंत लोकप्रिय कादंबऱ्यांत वापरली गेली आहे. एकाने दुसऱ्याकडून उचलले असा माझा मुळीच आरोप नाही; दोन्ही पुस्तके लागोपाठ वाचल्यास बहुनिवेदनाचा उपयोग दोघांनी किती निराळा केला ते मात्र दिसते. खांडेकरांचे तिघे परस्परांची चूक दाखवतात, तर सावंतांचे सहाही जण कर्णाभोवती उभे राहून त्याचीच थोरवी वाढवतात. म्हणूनच वृषालीचा भाग मला सर्वांत आवडला, कारण थोरवीखाली दडपलेला संसार तिथे थोडातरी दिसतो.

जून आणि जुलै हे दोन महिने यादी आखताना शेजारी आले आणि त्यांनी या उपक्रमाचे सार्थक केले. जूनमध्ये शाहूवाडीसाठी त्याच तालुक्यातल्या विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’, आणि जुलैमध्ये पन्हाळ्याकडच्या कृष्णात खोत यांचे ‘रिंगाण’. पहिलीला 1992 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, दुसरीला 2023 चा. दोन्हींचा विषय धरणाने उठवलेली माणसे हाच आहे, पण तीस वर्षांत मराठी कादंबरीने त्याच दुःखाकडे पाहण्याची जागा पूर्णपणे बदलली. ‘झाडाझडती’त कचेऱ्या आहेत, फायली आहेत, नोटिसा आहेत, पुढारी आणि दलाल आहेत, शासनयंत्रणा आतून माहीत असलेल्या लेखकाने विस्थापनाची सगळी यंत्रणाच खोलून ठेवली आहे. ‘रिंगाण’मध्ये ही यंत्रणा जवळजवळ दिसतच नाही. गाव उठताना मागे राहिलेल्या आणि रानात रानटी होऊन गेलेल्या म्हशी परत आणायला एक माणूस निघतो, आणि माणूस, जनावर व जंगल यांच्यातल्या त्या झटापटीत आपल्याला सारे विस्थापन वाचावे लागते. आधी ‘झाडाझडती’ आणि मग ‘रिंगाण’ या क्रमाने वाचले तर दुसऱ्या पुस्तकात न लिहिलेली पानेही आपण मनाने भरून काढतो. मी ‘रिंगाण’ वाचीत होतो तेव्हा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला होता आणि पंचगंगेची पातळी किती फुटांवर आहे हेच घरोघरी बोलले जात होते. इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट हे आकडे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. अशा दिवसांत हे पुस्तक हाती असल्यामुळे वाचनाचा वेग फार मंदावला आणि महिना संपता संपता ते कसेबसे पूर्ण झाले.

सध्या हातात राधानगरी आहे : किरण गुरव यांचा ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ हा 2021 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला कथासंग्रह. गावातून शिकण्यासाठी शहरात आलेल्या मुलाची घालमेल हा विषय ‘झोंबी’नंतर शिळा वाटेल अशी मला धास्ती होती, पण गुरवांचा तिरकस, स्वतःलाच चिमटे काढणारा स्वर यादवांच्या स्वराहून अगदी वेगळा आहे. यादवांच्या मुलाला शाळेपर्यंत पोहोचण्यासाठी लढावे लागते. गुरवांचा बाळू पोहोचलेला आहे, आणि पोहोचल्यावर करायचे काय ही त्याची अडचण आहे. दीर्घकथेचा आकार त्या अडचणीला चांगला मानवतो. शेवटची कथा बाकी आहे, म्हणून अंतिम मत राखून ठेवतो.

आठ तालुके झाल्यावर यादीकडे पुन्हा पाहिले तेव्हा एक गोष्ट ठळकपणे नजरेत भरली : ‘गुरुचरित्रा’सकट सगळे लेखक पुरुष आहेत. तालुका आणि गाव या चौकटीत शोध घेतला की पुरस्कार, अभ्यासक्रम आणि सत्कार यांतून पुढे आलेली नावेच आधी सापडतात, आणि ती बहुतेक पुरुषांची असतात. त्यामुळे उरलेल्या चार महिन्यांची आखणी मी बदलली आहे. सप्टेंबरमध्ये भुदरगडसाठी राजन गवस यांची ‘चौंडकं’ घ्यायची हे कायम आहे, कारण गवस यांची प्राध्यापकी गारगोटीत झाली आणि जोगतिणीच्या जगण्यावरची ही कादंबरी माझी वाचायची राहून गेली आहे. ऑक्टोबरातल्या चंदगडसाठी मात्र आता दोन पुस्तके आहेत. रणजित देसाई कोवाडचे; ‘स्वामी’ बहुतेकांची वाचून झालेली असते, म्हणून ‘मृत्युंजय’नंतर लगेच जिची आठवण व्हावी अशी त्यांची ‘राधेय’ घेतली आहे. आजरा आणि चंदगड या शेजारच्या दोन तालुक्यांतील दोन लेखकांनी कर्णावरच कादंबरी लिहावी, हा योगायोग या यादीने मला दाखवला. तिच्या जोडीला माधवी देसाई यांचे ‘नाच गं घुमा’ हे आत्मकथन आहे. त्या भालजी पेंढारकरांच्या कन्या, जन्माने कोल्हापूरच्या, आणि कोवाडचा वाडा त्यांनी सून व पत्नी म्हणून आतून पाहिलेला. राजे आणि योद्धे रंगवणाऱ्या लेखणीशेजारी तिच्याच घरातून लिहिलेले हे पुस्तक ठेवून वाचण्याची मला विशेष उत्सुकता आहे.

नोव्हेंबरमध्ये करवीर. इथे निवडीची अडचण उलट्या बाजूने येते, कारण शहरात लेखक फार. खांडेकरांची ‘ययाति’ मे महिन्यात चाळावी लागलीच, ती आता सलग वाचीन; याच खांडेकरांना 1974 चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला आणि तो मराठीला मिळालेला पहिला ज्ञानपीठ होता. परंतु मुख्य पुस्तक म्हणून कोल्हापुरात जन्मलेल्या विजया राजाध्यक्ष यांचे ‘मर्ढेकरांची कविता : स्वरूप आणि संदर्भ’ हे घेतले आहे. समीक्षा महिनाभर पुरते हा तिचा पहिला गुण, आणि ती वाचताना मर्ढेकरांच्या कविता पुन्हा काढून बसावे लागते हा दुसरा.

डिसेंबरपुढे गगनबावडा लिहिलेले आहे आणि त्यापुढची जागा मोकळी ठेवली आहे. त्या मुलुखातला पाऊस, घाट आणि वाड्यावस्त्या यांवर लिहिलेले कथा, कविता, ललित, आठवणी असे काहीही चालेल, मात्र ते गगनगडाची सहल करून आलेल्याने लिहिलेले प्रवासवर्णन नसावे एवढीच अट आहे. पुस्तकाचे नाव, प्रकाशक आणि ते कुठल्या वाचनालयात मिळेल एवढे तिन्ही कळवलेत तर दिवाळीपूर्वी मागवून ठेवता येईल. पुढच्या वर्षी ज्यांना हीच यादी सांगली किंवा सिंधुदुर्गासाठी करायची असेल त्यांनी वहीत एक रकाना ‘आधी काय वाचले होते’ असा जरूर आखावा, कारण ‘झाडाझडती’ आणि ‘रिंगाण’ यांची जोडी मला त्या रकान्यामुळेच लागली.