जेकार्डचा ग्राफ एल्ममध्ये : सहावा आठवडा

तीन आठवडे अडलेलं काम रविवारी सुटलं. चादरीच्या नक्षीसाठी एल्ममध्ये (ब्राउझरमध्ये चालणारे प्रोग्राम लिहायची भाषा) लिहितोय तो प्रोग्राम आता १२० बाय १६० चौकोनांच्या ग्राफवर बोट ठेवताच चौकोन भरतो. आधी दर चौकोनाला दोनेक सेकंद थांबावं लागायचं.

सोलापूरच्या पूर्व भागात काकांनी आयुष्यभर जेकार्डसाठी (भोकांच्या पुठ्ठ्यांवरून नक्षी विणणारी मागावरची यंत्रणा) ग्राफपेपरवर नक्षी काढली. भरलेला चौकोन म्हणजे पुठ्ठ्याला भोक, म्हणजे ताण्याचा (उभ्या धाग्यांचा) तो धागा उचलायचा. रिकामा असेल तर नाही. त्यामुळे मॉडेलचा, म्हणजे प्रोग्राममध्ये माहिती कशी मांडायची याचा, विचारच करावा लागला नाही: एक चौकोन, एक बूल (हो किंवा नाही).

चुकलो ते साठवणीत. भरलेल्या चौकोनांच्या जोड्या मी एका सेटमध्ये, म्हणजे एकाच यादीवजा संचात, ठेवल्या होत्या. लिहायला फार सोपं, पण दर क्लिकला १९,२०० चौकोन नव्याने तयार व्हायचे. प्रत्येक ओळीला लेझी लावलं (काही बदललं नसेल तर ती ओळ पुन्हा काढू नको, असं सांगणारी एल्मची सोय), तरी काडीचा फरक नाही. लेझी आतली मूल्यं ताडून बघत नाही. मेमरीतली तीच वस्तू परत आली का, एवढंच पाहतं. मी मात्र सेटमधून ओळ दरवेळी नव्याने गाळून देत होतो. अ‍ॅरेत अ‍ॅरे केल्यावर, म्हणजे ओळींची क्रमवार यादी आणि प्रत्येक ओळीत चौकोनांची यादी ठेवल्यावर, हात लागलेली ओळ तेवढी बदलते, उरलेल्या १५९ जशाच्या तशा राहतात. आणि लेझीला फंक्शनही नावानिशी, बाहेर लिहिलेलं द्या. व्ह्यूमध्ये (पडद्यावर चित्र काढणाऱ्या भागात) लॅम्डा, म्हणजे जागच्या जागी लिहिलेलं बिननावाचं फंक्शन, दिलात तर सगळं वाया.

हा बदल करताना कंपायलरने (चालवण्याआधी प्रोग्राम तपासणाऱ्याने) एकेक जागा बोट धरून दाखवली. तो गप्प झाला आणि प्रोग्राम पहिल्याच खेपेला चालला. एल्मवर माझा जीव आहे तो याचसाठी.

काठाची वेल डावीकडे सरकवताना स्तंभाचा क्रमांक उणे एक यायचा, तिथे बाकी काढायला रिमेंडरबायऐवजी मॉडबाय घेतलं, त्याचं उत्तर इथे उणे येत नाही. नक्षी ब्राउझरमध्ये साठवायला एक पोर्ट (एल्ममधून बाहेर जावास्क्रिप्टकडे माहिती पाठवायची वाट) पुरला.

मग काकांना दाखवलं. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. "छान दिसतंय रे, पण इथं बाणा (आडवा धागा) बारा घरं मोकळा सोडलायस. धुताना अडकून निघेल." त्याच रात्री अशी लांब मोकळी जागा लाल दाखवायची सोय केली.

बाण्याचं झालं, ताण्याचं बाकी आहे. ओळी अ‍ॅरेत असल्याने उभा स्तंभ तपासायला सगळ्या १६० ओळींतून जावं लागतं. ज्या स्तंभाला हात लागला तेवढाच तपासावा, असं ठरवलंय. या आठवड्यात ते लिहितो.