दाराचा खंदक आणि माझे इराणी

आजची अख्खी दुपार छोट्या सैनिकांच्या युद्धखेळात, दारा या रोमन सरहद्दीवरच्या शहराजवळच्या लढाईत गेली. इ.स. ५३०, रोमन सेनापती बेलिसारियस विरुद्ध सासानी घराण्याचे इराणी. इराणी फौज माझ्याकडे. बोटाच्या पेराएवढे चिलखती स्वार, खंदक म्हणजे तपकिरी फेल्टची पट्टी.

इतिहासकार प्रोकोपियस इराण्यांचा आकडा ४०,००० सांगतो, रोमनांचा २५,०००. अर्थात तो बेलिसारियसचाच सचिव, त्यामुळे जरा जपूनच वाचायचं! टेकडीआड रोमनांच्या बाजूच्या फारासचे ३०० हेरुल (एक जर्मानिक टोळी) दडलेत, हे मला पक्कं ठाऊक. तरी उजवी फळी पुढे काढली, कारण नुसतं उभं राहून खेळायचं कशाला? पाठीवर हेरुल आले, फाशाला एक पडला, फळी उधळली.

आता इराण्यांची निवडक ‘अमर’ तुकडी रंगवायला घेतलीय. घोड्यांच्या चिलखताची खवलं एकेक करून, चंदेरी रंगात. डोळ्यांचं वाटोळं होणार, नक्की.