संक्रांतीच्या आदल्या शनिवारचा जॅम

मार्च एंडच्या धबडग्यात त्या बाई दिराला घेऊन आमच्या बँकेच्या शाखेत आल्या. नवरा २१ फेब्रुवारीच्या रात्री मोटारसायकलवरून घरी येताना उभ्या उसाच्या ट्रॉलीवर आदळला होता. ट्रॉलीला मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. बाईंनी पिशवीतून मृत्यूचा दाखला, पंचनामा, पोस्टमॉर्टेमचा कागद आणि प्लॅस्टिकच्या कव्हरात जपलेलं रुपे कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. "खातं बंद करायचंय, साहेब."

लोक एवढंच मागतात आणि आमच्यातले बरेच जण एवढंच करून मोकळे होतात. मी आधी खातं पाहतो. मे महिन्यात २० रुपये कापलेले दिसले, म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा, अपघाताचा, चालू. त्याचे दोन लाख. शिवाय खातं जनधनचं, २०१९ सालचं. २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या जनधन खात्याच्या रुपे कार्डावर दोन लाखांचा अपघाती विमा असतो, त्याआधीच्यांना एक लाखाचा. हे पैसे सुरक्षा विम्याच्या वर.

"कार्डावर विमा असतो?" दीर म्हणाला. त्याला कोण सांगणार? आम्ही कार्ड देताना पिन कुणाला सांगू नका म्हणतो आणि पुढच्याला हाक मारतो.

आता अट. अपघाताचा दिवस धरून मागच्या ९० दिवसांत कार्डाचा एक तरी यशस्वी व्यवहार हवा, खातेदाराने स्वतः केलेला. पैसेच काढायला हवेत असं नाही, एटीएममध्ये नुसती शिल्लक पाहिली तरी चालतं. पीएम किसानचे दोन हजार जमा झाले, व्याज पडलं, ते धरत नाहीत. यूपीआयही नाही. आणि स्टेटमेंट तर यूपीआयने भरलेलं: खताचं दुकान, पेट्रोल, चहा, चहा, पुन्हा चहा. "फोनपे चालू करताना ह्याच कार्डाचा नंबर टाकला होता की," बाई म्हणाल्या. बरोबर होतं त्यांचं, पण उपयोग नव्हता. ह्याच लोकांना 'एटीएमला कशाला, मोबाईलवरून करा' असं आम्हीच तीन वर्षं सांगत होतो, रांग कमी व्हावी म्हणून.

कॅलेंडर घेऊन उलटं मोजलं. हद्द २४ नोव्हेंबरला लागत होती आणि कार्डावरून शेवटचे पैसे निघाले होते ९ नोव्हेंबरला, दिवाळीच्या बाजारासाठी. पंधरा दिवस कमी. शिल्लक पाहिल्याची नोंद पासबुकात येत नाही, ती स्विचच्या, म्हणजे कार्डाचे व्यवहार हाताळणाऱ्या यंत्रणेच्या, लॉगमध्ये असते, हे शाखेत फारसं कुणाला ठाऊक नाही. मी मुख्य कार्यालयाच्या कार्ड विभागाला मेल टाकला, तीनदा फोन केला, लॉग मागवून घेतला. काही नाही.

मग बाईंनाच आठवलं. "संक्रांतीच्या वाणाचं आणायचं होतं. हे मशीनवर गेले होते, पैसे आलेच नाहीत, हात हलवत परत आले."

१३ जानेवारी २०२४, दुसरा शनिवार, बँक बंद. स्टेटमेंटमध्ये एक हजार रुपये वजा आणि १७ तारखेला तेच हजार परत जमा. मी ही जोडी पाहून पुढे गेलो होतो. एटीएम आमचंच. जर्नल, म्हणजे मशीनची स्वतःची नोंद, काढलं: कार्ड घातलं, पिन बरोबर, रक्कम मंजूर, खात्यातून वजा, नोटा बाहेर नाहीत. कॅश रजिस्टर उघडलं. सोमवार, १५ जानेवारी: 'पाचशेची नोट अडकली होती, जॅम काढला, मशीन सुरू.' अक्षर माझं. जोडीला हेड कॅशियरची सही.

क्लेमसोबत दोन पानी पत्र लिहिलं. माणूस मशीनपर्यंत गेला, पिन बरोबर टाकला, खात्यातून रक्कम वजा झाली, चूक यंत्राची. मॅनेजर म्हणाले, "एवढं कशाला लिहितो, फॉर्म भर आणि पाठव." ते वाईट नाहीत, बदलीची वाट बघतायत.

सुरक्षा विम्याचे दोन लाख जमा झाले. कार्डाच्या क्लेमला एका ओळीचं उत्तर आलं: मुदतीत यशस्वी व्यवहार नाही. एटीएममधून न मिळालेले पैसे पाच दिवसांत परत जमा झाले नाहीत, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये द्यायचे, असं रिझर्व्ह बँकेचं २०१९चं परिपत्रक आहे. इथे चौथ्या दिवशी जमा झाले. नियमाने बँकेकडे काही थकलेलं नाही.

बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मग ते हजार परत आले होते?"

"आले होते, ताई."

"ह्यांना कळलंच नाही. संक्रांतीला उसने आणले होते."

जिल्हा ग्राहक आयोगात द्यायच्या अर्जाचा मसुदा मी घरी बसून लिहिला आणि दिराला म्हटलं, तुझ्या अक्षरात उतरवून घे. जर्नलच्या प्रतीचा उल्लेख त्यात आहे. रजिस्टरचा घालायचा की नाही, हे अजून ठरलेलं नाही. तो परवा येणार आहे.